लहान मुलांचा खाऊ आणि घशात अडकण्याचा धोका: आई-आजींचे नेहमीचे प्रश्न

साताऱ्यात पाहुणा आला की पेढ्यांचा पुडा येतो. सांगलीकडून कोणी आलं की बेदाणे, नाहीतर भडंग. घरात दीड-दोन वर्षांचं लेकरू असेल तर त्यातला पहिला घास त्याच्याच हातावर पडतो. हे पान अशा घरांसाठी आहे. अंगणवाडीतल्या बैठकांत आणि दवाखान्याच्या बाकावर आया, आज्या, आणि आता बरेच बाबा-आजोबाही जे विचारतात, ते प्रश्न इथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. वेळ कमी असेल तर आधी "एक वर्षावरच्या मुलाला नेमकं काय करायचं?" हा प्रश्न वाचा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

ठसका तर मोठ्यांनाही लागतो. लहान मुलांचंच एवढं का?

कारण त्यांची नळी बारीक असते. दीड-दोन वर्षांच्या मुलाची श्वासनलिका आतून जेमतेम ५ ते ७ मिलिमीटर रुंद असते. साखरफुटाणा, शेंगदाण्याची डाळी, बोराची बी, लिमलेटची गोळी ही सगळी त्याच मापाची किंवा त्याहून थोडी मोठी. मोठ्या माणसाच्या नळीत असा तुकडा गेला तर बाजूने हवा खेळत राहते. लेकराच्या नळीत तो बाटलीला बूच बसावं तसा बसतो.

दुसरं कारण दात. समोरच्या दातांनी मूल तुकडा तोडतं, पण तो बारीक करायला दाढा लागतात. पहिल्या दाढा साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमाराला दिसू लागतात, त्यांच्या मागच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी किंवा तिसऱ्या वर्षात येतात. दाढा आल्या म्हणून चावणं लगेच जमतं असंही नाही, ते शिकायला आणखी वेळ जातो. तोवर चिक्कीचा तुकडा मोडतो, पण दळला जात नाही. आणि खोकून बाहेर फेकण्याचा जोरही मोठ्यांइतका नसतो.

कितव्या वर्षापर्यंत सांभाळायचं?

किमान चार वर्षं पूर्ण होईपर्यंत. कडक गोळ्या, अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, चिकट टॉफी यांच्यासाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने चार वर्षांची मर्यादा सांगितली आहे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तर अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नका असं सांगते. आमच्या मते पाचच धरा. वर्षभर जास्त थांबल्याने मुलाचं काही अडत नाही.

सगळ्यात धोक्याचा खाऊ कोणता?

नावांची यादी पाठ करण्यापेक्षा बोटांनी तपासायला शिका, कारण दुकानात रोज नवं नाव येतं. पदार्थ हातात घ्या. गोल आहे आणि कडक आहे? दाबला की चेपतो, सोडला की पुन्हा पहिल्यासारखा होतो? बोटाला चिकटून सुटत नाही? यांपैकी एकालाही उत्तर "हो" आलं तर तो पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तसाच द्यायचा नाही.

आपल्या घरांत अशा वस्तू बऱ्याच असतात. लिमलेट, पेपरमिंट, सुट्या पैशांऐवजी दुकानदार हातावर ठेवतो त्या गोळ्या. खडीसाखर, कारण ती कडक असते, टोकदार असते आणि विरघळायला वेळ घेते. साखरफुटाणे, कारण साखर विरघळली तरी आत टणक फुटाणा उरतोच. शेंगदाण्याची चिक्की, पाक जास्त झालेले तिळाचे लाडू, आवळा सुपारी, मुखवासातली रंगीत बडीशेप. सुपारीचं खांड तर मुलाच्या हाताला लागेल असं कुठेच ठेवू नका. आजोबांचा पानाचा डबा वरच्या फळीवर गेला पाहिजे.

बत्तासा त्यामानाने बरा, तोंडात लगेच विरतो. तोही चुरून द्या.

कंदी पेढा तर मऊ असतो. तो द्यायला काय हरकत?

कंदी पेढा मोडून बघा. खवा चांगला भाजलेला असतो, त्यामुळे तो घट्ट, कोरडा, थोडा रवाळ लागतो. मोठ्या माणसाच्या तोंडात तो लाळेत मिसळून उतरतो. लहान मूल अर्धा पेढा एकदम कोंबतं, तेवढी लाळ सुटत नाही आणि तो गोळा टाळूला नाहीतर घशाच्या तोंडाशी बसतो. बेसनाच्या लाडवाचंही असंच होतं. रव्याचा लाडू कोरडा असेल तर त्याची भुकटी श्वासाबरोबर आत ओढली जाते आणि जोराचा ठसका लागतो.

तेव्हा पेढा बशीत घ्या, बोटांनी पूर्ण चुरा, चमचाभर कोमट दूध घालून खिरीसारखा करा आणि चमच्याच्या टोकाने भरवा. नैवेद्याचा पेढा असला तरी चुरून दिल्याने त्यात काही कमी होत नाही. अख्खा पेढा मुलाच्या हातात देऊन फोटो काढण्याची हौस मात्र टाळा. फोटो काढताना सगळ्यांचं लक्ष मोबाइलकडे असतं, मूल खातंय कसं याकडे नसतं.

बोरन्हाण करायचं की नाही?

करा. पण जसं चालत आलंय तसंच्या तसं नको.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हा सोहळा असतो आणि बहुतेक घरांत तो पाच वर्षांच्या आतल्या मुलाचाच होतो. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं बाळ, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, उसाचे करवे, तीळगूळ, आणि अलीकडे चॉकलेट-गोळ्या. या वयाला जे द्यायचं नाही असं वर सांगितलं, ते जवळपास सगळं एकाच वेळी त्याच्या अंगावर पडतं. भोवती दहा-पंधरा मुलं वेचायला धावतात, त्यांत कुणाची तरी रांगती-चालती धाकटी बहीणही असते. सगळ्यांचे डोळे उत्सवमूर्तीवर असतात आणि कोपऱ्यातलं बाळ तोंडात काय घालतंय हे कोणालाच दिसत नाही.

हलव्याच्या दागिन्यांकडेही नीट बघा. हलव्याचे दाणे दोऱ्यात ओवलेले किंवा पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेले असतात. मध्ये सोनेरी मणी, टिकल्या, कधी बारीक तार. मुलाला गळ्यातला हार तोंडात घालायचाच असतो. साखर ओली झाली की दाणे सुटतात, दोरा सैल होतो आणि मणी हातात येतो, तिथून तोंडात. दागिने घाला, ओवाळा, फोटो काढा आणि लगेच उतरवून ठेवा.

मग ओतायचं काय? झेंडूच्या, शेवंतीच्या पाकळ्या. बिस्किटाचे छोटे बंद पुडे, राजगिऱ्याच्या वड्यांची पाकिटं, म्हणजे मोठं आणि बंद असेल ते. बोरं हवीच असतील तर शास्त्रापुरती चार-पाच मोठी घ्या आणि लगेच वेचून ठेवा. वेचलेला खाऊ मुलांनी तिथेच खायचा नाही, पिशवीत घालून घरी न्यायचा, हे आधीच सांगून टाका. एका मोठ्या माणसाला फक्त रांगत्या-चालत्या बाळांवर लक्ष ठेवायचं काम द्या. तिने किंवा त्याने फोटोही काढायचे नाहीत आणि वाणही वाटायचं नाही. शेवटी खोली झाडून झाल्यावरच बाळाला खाली सोडा, कोचाखालूनही झाडू फिरवा.

फुगे लावत असाल तर फुटलेल्या फुग्याचे तुकडे ताबडतोब उचला. रबराचा तुकडा ओल्या घशात चिकटून बसतो आणि काढायला अतिशय अवघड जातो.

यात्रेतला प्रसाद नाकारायचा कसा?

नाकारायचा नाही. हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि पदरात बांधायचा. पालीच्या खंडोबाला, शिंगणापूरला, मांढरदेवीला किंवा गावच्या यात्रेला गेलात तर हातावर खोबऱ्याचा तुकडा, खडीसाखर, चुरमुरे, रेवडी असं काहीतरी येतंच. गर्दीत, कडेवर, ढकलाढकलीत मुलाला काही खायला द्यायची ती जागाच नव्हे. घरी आल्यावर खोबरं बारीक किसा, खडीसाखर कुटून दुधात घाला. रेवडी लहान मुलाला नकोच, ती कडकही असते आणि दाताला चिकटतेही.

बारशाच्या घुगऱ्यांबद्दलही सांगायला हवं. हरभरा कितीही शिजला तरी त्याचं साल सुटतं आणि दाणा गोल राहतो. एक-दोन वर्षांच्या भावंडाला वाटीभर घुगऱ्या देऊन बसवू नका. हाताने पिठासारख्या चेंगरून दोन घास दिले तर ठीक.

आमच्या शेतातल्याच शेंगा आहेत, आम्ही सगळे त्यावरच वाढलो.

आणि दाण्यासारखं पौष्टिक स्वस्तात दुसरं मिळणंही अवघड. दाणा वाईट नाही, अख्खा दाणा वाईट. लहान मुलांच्या श्वासनलिकेतून डॉक्टर जे काही काढतात त्यात आपल्या देशात शेंगदाणा कायम वरच्या क्रमांकावर असतो. त्याखालोखाल हरभऱ्याची डाळ, सुपारी, चिंचोका, सीताफळाची बी अशा गोष्टी येतात. दाणा दोन डाळ्यांत सुटतो, एक डाळी निसटून थेट खाली जाते. त्यातल्या तेलाने आतलं अस्तर सुजतं. डाळ किंवा हरभरा असेल तर ओलाव्याने फुगतो आणि सकाळी अर्धी बंद असलेली नळी संध्याकाळपर्यंत पूर्ण बंद होऊ शकते.

दाण्याचं अगदी बारीक कूट करून भाजीत, आमटीत, खिरीत घाला. कुटात अर्धवट राहिलेले तुकडे चाळून काढा. भडंगातले दाणे वेचून चुरमुरे देऊ का, असंही विचारतात. पाच वर्षांपर्यंत भडंग नकोच. तिखटानेच ठसका लागतो आणि एखादा दाणा नजरेतून सुटतोच.

सीताफळ देताना गर गाळणीवर घोटून घ्या. बी काढायचं काम मुलावर सोपवू नका.

द्राक्षं आणि बेदाणे?

तासगाव भागात द्राक्षं घरात पाटीने असतात, त्यामुळे मुलं येता-जाता तोंडात टाकतात. द्राक्षाची साल गुळगुळीत, आत रस, आकार गोल नाहीतर लांबट. न चावता घशात गेलं की घट्ट बसतं. लांबट सोनाका असो की थॉमसन, द्राक्ष उभं चिरायचं, मग पुन्हा उभं चिरायचं, एकाचे चार भाग. आडवं चिरलं तर चकती गोलच राहते आणि धोका तसाच राहतो. छोटी टोमॅटो, जांभूळ, चेरी यांनाही हेच लागू, बी काढून.

बेदाणे एकमेकांना चिकटून गोळा होतात. रात्री भिजत घाला, सकाळी कुस्करा. शिऱ्यात, बुंदीच्या लाडवात बेदाणा असतो हे वाढताना लक्षात ठेवा. महाबळेश्वर-पाचगणीकडची पिकलेली स्ट्रॉबेरी मऊ असते, ती बारीक चिरून बिनधास्त द्या.

जेली तर पाण्यासारखी असते, ती कशी अडकेल?

ती तोंडात विरत नाही आणि दाबली की घशाचा आकार घेते, म्हणूनच अडकते. छोट्या कपातली जेली मूल ओढून घेतं, ती सरळ मागे जाते. कोंजॅक नावाच्या कंदापासून केलेल्या अशा जेलीच्या कपांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये इशारा दिला आणि युरोपीय संघाने २००२ मध्ये त्यांची विक्री थांबवली. कपावरची बारीक अक्षरं वाचत बसण्यापेक्षा या वयात जेलीचे कप घरात आणूच नका. गमी, मार्शमेलो, च्युइंगमही त्यातच.

लॉलीपॉपला काडी असते, ती गिळली कशी जाईल?

काडी राहते हातात, गोळी निसटते किंवा तिचा तुकडा मोडतो. पळताना तोंडात काडी असेल तर पडल्यावर टाळूला जखम होते ती वेगळीच.

जत्रेत दिव्याची लॉलीपॉप, वाजणारी गोळी, खेळणं आत असलेला खाऊ मिळतो. दिवा लागतो म्हणजे आत बटणासारखी बॅटरी आहे. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आतही आतून भाजायला लागतं. गिळल्याची नुसती शंका असली तरी उलटी करवू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि एक्स-रे काढायला सांगा.

गाडीत रडतं म्हणून गोळी दिली तर?

खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटात मूल रडायला लागलं की हात पिशवीतल्या गोळीकडे जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण रडणारं मूल मोठा श्वास आत ओढतं, तोंडात गोळी असेल तर तीही ओढली जाते. वर गाडी वळणावर, मूल मागच्या सीटवर, चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही आणि गाडी थांबवायला जागा नाही. मोटारसायकलवर पुढे बसलेल्या मुलाचं तोंड तर कुणालाच दिसत नाही. प्रवासात पाणी द्या, गाणी म्हणा, गाडी थांबवून खाली उतरवा. खायचं ते थांबूनच.

घरातही हाच नियम. बसून खायचं, तोंडात घास असताना हसवायचं नाही, गुदगुल्या नाहीत, आडवं झोपून काही खायचं नाही.

ठसका लागल्यावर आम्ही "वर बघ, वर बघ" म्हणतो, डोक्यावर थापटतो, पाणी पाजतो. बरोबर आहे ना?

नाही. मान वर केल्याने अडकलेलं आणखी खाली सरकू शकतं. डोक्यावर थापटून काही होत नाही. पाणी पाजलं तर नळी बंद असताना ते श्वासात जातं. भाताचा गोळा किंवा केळं गिळायला लावणं हे सगळ्यात वाईट, त्याने उरलीसुरली वाटही बंद होते. पायांना धरून उलटं टांगू नका, हातातून निसटण्याची भीती आहे. आणि तोंडात काही दिसत नसताना आंधळेपणाने बोट घालू नका. तुकडा बोटाने मागे ढकलला जातो.

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, बोलत असेल तर हवा ये-जा करते आहे. अशा वेळी त्याला पुढे वाकवून खोकू द्या, धीर द्या, शेजारून हलू नका. खोकला हाच त्याचा सगळ्यात चांगला इलाज आहे.

खरंच अडकलंय हे कसं ओळखायचं?

आवाज जातो. आपल्याला वाटतं की गुदमरणारं मूल ओरडेल, आणि म्हणूनच शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ता लागत नाही. तोंड उघडं, डोळे मोठे, खोकला येत नाही किंवा अगदी क्षीण येतो, रडू फुटत नाही, श्वास घेताना बारीक शीळ किंवा काहीच आवाज नाही. मग ओठ आणि नखं निळसर पडतात. निळं पडण्याची वाट बघायची नाही.

एक वर्षावरच्या मुलाला नेमकं काय करायचं?

हाक मारा, म्हणजे दुसरं कोणीतरी १०८ ला फोन लावेल. एकटे असाल तर फोन स्पीकरवर ठेवा आणि हात मुलाजवळ राहू द्या.

मुलाच्या बाजूला गुडघ्यावर बसा. एक हात त्याच्या छातीवर ठेवून त्याला कमरेतून चांगलं पुढे वाकवा. दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध पाच ठोसे द्या. प्रत्येक ठोसा वेगळा आणि जोराचा. कौतुकाने थोपटतो तसं नाही. प्रत्येक ठोशानंतर तुकडा बाहेर आला का ते बघा.

नाही आला तर मागे जा. दोन्ही हात काखेतून पुढे घ्या. एक मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या बरीच खाली ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि झटक्याने आत-वर ओढा. असं पाच वेळा. पोटावरच्या दाबाची ही रीत अमेरिकेतले डॉक्टर हेन्री हाइमलिख यांनी १९७४ मध्ये मांडली. त्या दाबाने फुप्फुसातली उरलेली हवा वर येते आणि तुकड्याला बाहेर ढकलते.

पाठीत पाच, पोटावर पाच, पुन्हा पाठीत पाच. तुकडा बाहेर येईपर्यंत, मूल रडेपर्यंत किंवा शुद्ध हरपेपर्यंत हे थांबवायचं नाही.

हे वाचून कळतं, पण हाताला वळण लागत नाही. आज रात्री उशी घेऊन घरातल्या प्रत्येकाने एकदा करून बघा, आजोबांनीही. जिवंत मुलावर सराव करू नका.

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर?

पोटावर दाब अजिबात नाही, यकृताला इजा होते. बाळाला तुमच्या पुढच्या हातावर पालथं घ्या, हात मांडीवर टेकवा, बाळाचं डोकं छातीपेक्षा खाली, जबडा तुमच्या बोटांत धरलेला, गळा दाबला जाणार नाही असा. फऱ्यांच्या मधोमध पाच ठोसे. मग दुसऱ्या हाताने डोकं-मान सावरून उताणं करा आणि छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा दाबा. पुन्हा पालथं. तुकडा निघेपर्यंत असंच.

शुद्ध हरपली तर?

कडक जमिनीवर उताणं ठेवा. १०८ लागलाच पाहिजे. तोंड उघडून बघा, तुकडा दिसत असेल तरच बोटाने काढा. छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, छाती एक तृतीयांश खाली जाईल इतका. ३० दाब झाले की तोंडात पुन्हा बघा, मान किंचित मागे करून दोन श्वास द्या, परत ३० दाब. हवा न मिळाल्यास मेंदूला चार-सहा मिनिटांत इजा व्हायला लागते, म्हणून गाडी शोधायला धावण्याआधी हे सुरू झालं पाहिजे.

आमचं गाव डोंगरात आहे, गाडी यायला वेळ लागतो.

जावळी, पाटण, शिराळ्याच्या वाड्या-वस्त्यांचा हा खरा प्रश्न आहे. अशा वेळी पाठीतले ठोसे आणि पोटावरचा दाब हाच दवाखाना. १०८ ची सेवा मोफत आहे, ११२ वरही मदत मिळते. फोन करताना गाव, तालुका आणि ओळखीची खूण सांगा. वाडीचं नाव पुष्कळदा दुसऱ्या तालुक्यातही असतं. गाडी निघाल्यावर रस्त्याच्या फाट्यावर एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. आणि गावातल्या आशाताईला, अंगणवाडीताईला हे तंत्र येतं का, ते आजच विचारा. येत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यांसाठी शिकवणी ठेवायची मागणी करा. आग्रह धरल्याशिवाय होणार नाही.

खोकला थांबला, मूल खेळायला लागलं. तरी दवाखान्यात न्यायचं?

तुकडा तुमच्या डोळ्यांसमोर अख्खा बाहेर आला आणि मूल पूर्ण ठीक असेल तर घरी लक्ष ठेवलं तरी पुरतं. पोटावर दाब द्यावा लागला असेल तर मात्र आतल्या इजेसाठी तपासणी हवीच.

खरी फसगत होते ती तुकडा न दिसताच खोकला थांबल्यावर. दाणा मुख्य नळीतून उतरून एका बाजूच्या फांदीत बसतो, मुलाला श्वास घेता येतो आणि घरात सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मग दोन दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी खोकला, घरघर, ताप. औषधाने उतरतो, पुन्हा येतो, आणि न्यूमोनिया दर वेळी एकाच बाजूला. दाणा साध्या एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका. डॉक्टरांना एक वाक्य आठवणीने सांगा: "अमुक दिवशी चिक्की खाताना याला एकदम जोराचा ठसका लागला होता." त्या एका वाक्यावरून निदान होतं. बरेचदा मूल आजीजवळ असताना ठसका लागलेला असतो आणि आई दवाखान्यात जाते, म्हणून आजीलाही विचारा.

तुकडा काढायला मुलाला भूल देऊन श्वासनलिकेत दुर्बीण घालतात. अशा रीतीने पहिला तुकडा १८९७ मध्ये जर्मनीत गुस्ताव किलियान यांनी काढला, एका शेतकऱ्याच्या नळीत अडकलेलं हाड होतं ते. आज हे काम सरावातलं आहे, पण लहान मुलांची दुर्बीण आणि लहानांना भूल देणारे डॉक्टर प्रत्येक गावात नसतात. सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या मोठ्या रुग्णालयांत निघण्याआधी फोन करून ही सोय आत्ता आहे का, ते विचारा. वाटेत मुलाला काही खायला-प्यायला देऊ नका.

सासूबाईंना सांगितलं की त्यांना वाईट वाटतं. काय करू?

त्यांना "देऊ नका" म्हणण्याऐवजी "तुम्हीच चुरून द्या" म्हणा. नातवाला खाऊ देण्याचा त्यांचा मान जात नाही. ओट्याजवळ एक छोटा खलबत्ता आणि किसणी त्यांच्या हाताशी ठेवा. आणि पाठीतले पाच ठोसे त्यांना आधी शिकवा, कारण दिवसभर मूल त्यांच्याजवळ असतं. शेजारणीला, पाहुण्याला अडवायचं काम मग त्याच करतात, आणि त्यांचा शब्द तुमच्यापेक्षा जास्त चालतो.

मग गोड द्यायचं तरी काय?

दोन वर्षांपर्यंत वरची साखर न दिलेलीच बरी. पिकलेलं केळं कुस्करून, चिकूचा गर, उकडून किसलेलं सफरचंद, नाचणीची खीर, मऊ खजुराची पेस्ट दुधात. त्यानंतर रव्याचा ओलसर शिरा, गव्हाची खीर, दुधात भिजवलेला राजगिऱ्याचा लाडू. महाबळेश्वरचा मध घरात असेल तर वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटाला लावूनही चाटवू नका. त्याचा घशाशी संबंध नाही, त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

घशातलं ओढून काढणारा पंप ऑनलाइन मिळतो. घेऊन ठेवू का?

त्याच्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आधी पाठीतले ठोसे आणि पोटावरचा दाब हीच रीत वापरा असं सांगितलं आहे. खोका शोधून उघडण्यात जी मिनिटं जातात ती तुमच्याकडे नसतात.

अंगणवाडीत वाढदिवसाला गोळ्या वाटतात.

ताईंशी बोला, बहुतेक ऐकतात. तीन वर्षांची मुलं तिथे असतातच, आणि मोठ्या भावाला मिळालेली गोळी घरी धाकट्याच्या तोंडात जाते. गोळ्यांऐवजी केळी वाटा, नाहीतर खडू-पेन्सिल. तरीही गोळ्या आल्याच तर त्या मुलाच्या हातात न देता दप्तरात ठेवायच्या, आणि दप्तर घरी मोठ्या माणसाने उघडायचं.